राजमहेंद्रीची रात्र, अद्दंकीची पहाट

कोव्वूर स्टेशन मागे पडलं, गाडी पुलावर चढली आणि डब्यातली माणसं खिडक्यांशी आली. कुणी हात जोडले, कुणी गजांतून नाणी टाकली. त्र्यंबकला ओंजळीएवढी पाहिलेली, पैठणला पाय बुडवून बसले होते ती ही गोदावरी. इथे पैलतीरावरची झाडं म्हणजे नुसती हिरवी रेघ. तिला इथे अखंड गोदावरी म्हणतात. थोडं पुढे, धवळेश्वरमपाशी, ती फाटे फोडून समुद्राकडे निघते.

राजमहेंद्रीला मी आले ती नन्नय्यासाठी. अकराव्या शतकात वेंगीच्या चालुक्यांपैकी राजराज नरेंद्र इथे राज्य करत होता. त्याच्या इच्छेवरून नन्नय्यानं महाभारत तेलुगूत आणायला घेतलं. त्याआधीची तेलुगू पद्यं शिलालेखांवर सापडतात, पण आदिकवीचा मान नन्नय्याचा. आपली ज्ञानेश्वरी १२९०ची, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनंतरची. आदि आणि सभा ही दोन पर्वं पुरी झाली आणि अरण्यपर्वाच्या मध्यावर त्याचं काम थांबलं. तेराव्या शतकात नेल्लूरच्या तिक्कनानं विराटपर्वापासून शेवटापर्यंत पंधरा पर्वं एकहाती रचली, पण अरण्यपर्वातल्या त्या खिंडाराला हात लावला नाही. जो लावील त्याचं अनिष्ट होतं, अशी समजूत होती म्हणतात.

सकाळी वीरेशलिंगम पंतुलूंचं घर पाहिलं. विधवाविवाहासाठी झिजलेल्या या माणसानं तेलुगू कवींची चरित्रंही लिहून ठेवली. श्रीनाथाचं नावही या गावाशी जोडलेलं. इथल्या रेड्डी राजाला त्यानं काशीखंड अर्पण केलं. पण माझं मन त्या खिंडारापाशीच अडकलं होतं.

संध्याकाळी पुष्कर घाटावर एक निवृत्त तेलुगू शिक्षक भेटले. कोजागिरी दोन दिवसांवर होती, पुराचा गाळ पायऱ्यांवरून अजून पुरता धुतला गेला नव्हता. मी मराठी शिकवते म्हटल्यावर ते मोडक्या हिंदीत, पण फार मायेनं बोलू लागले. "अम्मा, नन्नय्याचं शेवटचं पद्य कशावर आहे, ठाऊक आहे? शरदातल्या रात्रींवर." आणि त्यांनी ते गाऊनच दाखवलं. तेलुगूत पद्य वाचत नाहीत, रागात म्हणतात. चांदण्यांच्या माळा, कुमुदांचा गंध, वारा, सगळं चार ओळींत. मग ते थांबले. "इथे तो थांबला. आता एर्रना ऐका."

एर्रना चौदाव्या शतकातला, अद्दंकीच्या प्रोलय वेमा रेड्डीच्या पदरचा. जवळजवळ तीनशे वर्षांनी त्यानं तो धागा उचलला, आणि त्याचं पहिलं पद्य आहे शरदातल्या पहाटेचं, तांबडं फुटतानाचं. रात्र एकानं लिहिली, उजाडलं दुसऱ्याच्या हातून.

शिक्षकांनी माझ्या वहीत गुरू-लघूंच्या खुणा मांडल्या. नन्नय्याचं वृत्त उत्पलमाला, ओळीत वीस अक्षरं. एर्रनाचं चंपकमाला, एकवीस. पहिला गुरू फोडून दोन लघू केले की उत्पलमालेची चंपकमाला होते. बाकी चाल तीच. शिवाय तेलुगूत चारही ओळींचं दुसरं अक्षर एकच लागतं, त्याला प्रास म्हणतात. दोन्ही पद्यांत ते अक्षर 'र'. मी खुणांवरून दोनदा बोट फिरवलं. हे योगायोगानं झालं असेल असं मला वाटत नाही. आणि एवढं करून एर्रनानं तो भाग राजराज नरेंद्रालाच अर्पण केला, जणू लिहिणारा नन्नय्याच आहे. कवीनं कवीला दिलेला असा मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी त्यांना मुक्तेश्वराविषयी सांगितलं. एकनाथांचा नातू, याच नदीच्या काठचा. त्याच्या मराठी महाभारताचीही आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक एवढीच पर्वं आज हाती आहेत.

"मग उरलेलं कुणी पुरं केलं?"

"त्याचं त्याच्या ओवीत कुणी नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी सगळं भारत नव्यानं आर्यांत रचलं."

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमची ओवी म्हणा ना."

सभापर्वातल्या पाठ असलेल्या चार ओव्या मी म्हटल्या. ते डोळे मिटून मांडीवर बोटांनी अक्षरं मोजत होते, आणि प्रत्येक ओवीचा चौथा, आखूड चरण आला की त्यांचं बोट अधांतरी थांबत होतं. चौथ्या ओवीला मात्र ते वेळेवर खाली आलं.