काढा औषधात धरत नाहीत

आमच्या हापिसात दरवर्षी डिसेंबरात एक सोहळा असतो. फुल बॉडी चेकअप. पैसे कंपनी भरते, त्यामुळे झाडून सगळे जातात, उपाशीपोटी रक्त देतात, नंतर फुकटचा उपमा हाणतात आणि रिपोर्टची पीडीएफ न उघडताच मेलबॉक्सात पुरून टाकतात. मीही इतकी वर्षं तेच करत आलो होतो. २०२२ साली मात्र सोनोग्राफी करणाऱ्या बाई पोटावर ते थंडगार यंत्र फिरवता फिरवता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "ड्रिंक्स घेता का?"

"नाही हो. वर्षातून दोनदा, ती पण बिअर."

"मग गोड?"

आता इथं खोटं कसं बोलणार? पोट तर त्यांच्यासमोर उघडंच पडलं होतं.

रिपोर्टात लिहून आलं, ग्रेड वन फॅटी लिव्हर. एसजीपीटी ७१. साधारण चाळिसाच्या आत हवं असतं. वय ४७, उंची पाच फूट सात इंच, वजन ८६ किलो. टीममध्ये विचारलं तर आणखी चौघांचा तोच निकाल. एकजण म्हणाला, "अरे ते सगळ्यांनाच असतं, लोड नको घेऊ."

लोड घेऊ नये हे खरं, पण लिव्हर म्हणजे काय हेच मला धड माहीत नव्हतं. वाचायला बसलो. दीडेक किलोचा अवयव. आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं रक्तातून आधी ह्याच्याकडे येतं, मग पुढे शरीरात जातं. साखर साठवणं, पित्त करणं, प्रथिनं बनवणं, औषधं नि विषं मोडणं, सगळं एकाच ठिकाणी. आणि तक्रार शून्य, कारण आतल्या भागाला वेदना कळतच नाही. वरचं कवच ताणलं गेलं तरच दुखतं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला चालणारी, एररसुद्धा न देणारी प्रोसेस. बंद पडते तेव्हाच कळतं की अरेच्चा, ही चालू होती!

हे सगळं मी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी फोन करून आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता म्हणवत नाही, पण परिणाम व्हायचा तो झालाच. पुढच्या शनिवारी मावसभाऊ पुण्याला आला तो पिशवी घेऊन. पिशवीत अंगणातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल, बोटाएवढे तुकडे करून, आणि त्या कडूवर उतारा म्हणून काकवीचा एक डबा.

इथे थोडं मागं जायला हवं, नाहीतर आईवर अन्याय होईल.

१९८४ साली मी चौथीत असताना मला कावीळ झाली होती. डोळे पिवळेधमक, अन्नाचा वास आला तरी उलटी. आईनं मला शेजारच्या गावातल्या काविळीचं औषध देणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. बैलगाडीत बसून, उन्हाचं. त्यानं वाटलेला कसलासा पाला दिला आणि डोक्यावर काड्यांची माळ घातली. ती माळ दिवसागणिक लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, तशी कावीळ उतरते असा विश्वास. माझीही लांबली. महिन्याभरात मी पोरांबरोबर विटीदांडू खेळत होतो. आईच्या दृष्टीनं केस क्लोज्ड. झाडपाल्यानं पोरगा वाचवला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

माळ लांबते त्याचं कारण साधं आहे. ओल्या काड्या वाळतात, आकसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात. ती माळ खुंटीला अडकवली तरी लांबेल. आणि लहान मुलांत दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. त्यावर वेगळं औषधच नाही. विश्रांती, पाणी, पचेल ते अन्न, एवढंच. पण हे मला कळलं ते चाळिशीनंतर. चौथीत मीही माळेवरच श्रद्धा ठेवून होतो.

तर, गुळवेल. रात्री ठेचून भिजत घालायची, सकाळी उकळून चौथाई उरवायची. मी सहा आठवडे इमानेइतबारे प्यायलो. शिवाय इंजिनिअर माणूस, एक करून कसा थांबेल? फळं चांगली म्हणून पाकिटातला संत्र्याचा ज्यूसही सुरू केला. आणि काकवी होतीच. मनात हिशेब पक्का होता की आता एसजीपीटी पन्नासच्या खाली.

आलं ३१२.

आधी वाटलं लॅबनं घोळ घातला. पुन्हा केलं, २९८. बिलिरुबिन दोनच्या वर. बायको म्हणाली, तुझे डोळे जरा पिवळट दिसतायत. त्या रात्री मी झोपलो नाही. वरवर मी चेष्टा करत होतो, पण मुलगी बारावीला आणि घराचं कर्ज अजून नऊ वर्षं, हे आकडे रात्री दोनला फार मोठे दिसतात.

डॉक्टरांनी ए, बी, सी, ई सगळ्या विषाणूंच्या तपासण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह. मग विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही."

"पेनकिलर? जिमची पावडर?"

"छे."

"आयुर्वेदिक वगैरे?"

"नाही नाही."

शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली, "काढा सांग की."

"अगं, तो काय औषध आहे का?"

डॉक्टर पेन खाली ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहिले. मंडळी, मी खोटं बोलत नव्हतो हो. माझ्या डोक्यात खरोखरच काढा औषधाच्या यादीत नव्हता. औषध म्हणजे ते जे पाकिटात येतं, ज्याला एक्स्पायरी डेट असते. अंगणातल्या वेलीचं पाणी म्हणजे घरचं. घरचं कधी बाधतं का?

त्यांनी काढा बंद करायला सांगितलं. बाकी काही नाही. पहिला बदल मागे घ्या आणि बघा, म्हणजे आम्ही रोज हापिसात जे करतो तेच. महिन्यानं १२०, आणखी महिन्यानं ६६. हा काही गणिती पुरावा नव्हे. पक्कं करायचं तर काढा पुन्हा पिऊन बघायला हवं, आणि तो प्रयोग कुणी करू नये.

मी एकटाच नव्हतो हे नंतर वाचलं. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेल सुरू झाली तेव्हाच, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईत सहा रुग्णांना गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरची इजा झालेली डॉक्टरांना आढळली. ते २०२१ मध्ये छापून आलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल असं त्यांचं म्हणणं. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात वनस्पतीचे नमुने तपासलेले होते आणि ती खरी गुळवेलच निघाली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते म्हणूनच आपण घेतो. शंका अशी की काही लोकांत ती चाळवलेली शक्ती त्यांच्याच लिव्हरवर उलटते. सगळ्यांवर नाही. हजारो लोक ती पितात आणि त्यांना काहीही होत नाही. पण आपण कुठल्या गटात आहोत हे पिण्याआधी कळायची सोय नाही, आणि लिव्हर आधीच आजारी असेल तर जुगार जास्तच महाग.

म्हणून झाडपाला सगळा थोतांड, असंही मला म्हणायचं नाही. भुईआवळ्याची गोष्ट बघा. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला, हेपॅटायटिस बी चा विषाणू शोधणाऱ्या नोबेलविजेत्या ब्लूमबर्ग यांच्यासोबत. हा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना भुईआवळ्याची पूड ३० दिवस दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नुसती खोटी गोळी दिलेल्या २३ पैकी एकाचीच गेली. जगभर खळबळ! मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तो निकाल काही पुन्हा मिळाला नाही. मला ह्यात भुईआवळ्याची फजिती दिसत नाही. त्याला औषध मानून, औषधासारखं तपासलं, हा त्याचा मानच झाला. जे तपासायचंच नाही, मोजायचंच नाही, विचारलं तर सांगायचंही नाही, त्याला आपण 'नैसर्गिक' म्हणतो आणि गप्प बसतो.

आता खरा प्रश्न. मग लिव्हरसाठी नैसर्गिक असं काही आहेच का नाही?

आहे. आणि ते इतकं साधं आहे की कुणी बाटलीत भरून विकू शकत नाही. २०१५ मध्ये क्यूबातल्या डॉक्टरांनी फॅटी लिव्हरनं सूज आलेल्या २९३ जणांना वर्षभर फक्त कमी खायला आणि चालायला लावलं, आणि आधी व नंतर लिव्हरचा तुकडा काढून तपासला. ज्यांनी वजनाच्या १० टक्के किंवा जास्त घटवलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली. जवळपास निम्म्यांचे व्रणसुद्धा मागे हटले. नुसती चरबी कमी व्हायला तर ३ ते ५ टक्केही पुरतात. माझ्या ८६ किलोंचे ५ टक्के म्हणजे सव्वाचार किलो. एवढ्यासाठी मी सहा आठवडे कडू पाणी पीत होतो!

मग हिशेब मांडला. हापिसात पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. झाले पन्नासेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर पंचवीसच्या आत आली तर उत्तम. वर ज्यूस, वर काकवी. साखरेतला अर्धा भाग ग्लुकोज, तो सगळं शरीर वापरतं. उरलेला अर्धा फ्रुक्टोज, तो बहुतेक लिव्हरच्याच गळ्यात पडतो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. म्हणजे मी 'लिव्हरसाठी' ज्यूस पीत होतो आणि लिव्हर त्याचं तूप करून ठेवत होतं. काविळीत उसाचा रस देतात म्हणून लिव्हरला गोड चांगलं, हे आमच्या ऊसपट्ट्यातलं शहाणपण. भूक मेलेल्या पोराला त्यानं दोन घास शक्ती मिळत असेल. पण अवयव तोच असला तरी आजार उलटा आहे. तिथे अन्न जात नव्हतं, इथे थांबत नव्हतं.

मी काय केलं ते सांगतो, त्यात थोर काही नाही. बिनसाखरेचा चहा (पहिले दहा दिवस नरक). दुपारनंतर एक कोरी कॉफी. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे व्रण कमी दिसतात असं बऱ्याच पाहण्यांत आलंय, आणि निमित्त मिळालं की मी सोडत नाही. ज्यूसऐवजी अख्खं संत्रं. रात्री भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी, उसळ, मुळा-काकडी. रोज पाऊण तास चालणं. चौदा महिन्यांत ७९ किलो, एसजीपीटी ३४. ह्या आजाराचं नावही २०२३ मध्ये बदललं. जुन्या नावात 'दारूमुळे नसलेला' असं होतं, नव्यात चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख आहे. म्हणजे कशानं नाही हे सांगणं सोडून कशानं झालं हे सांगायला लागले. बरं झालं.

राहिली आई. तिला सांगायला मी तीन महिने टाळाटाळ केली. शेवटी पाडव्याला गावी गेलो तेव्हा सांगितलं, कारण २०२० पासून ती स्वतःही तोच काढा घेत होती आणि वय ७४. तिचं रक्त तपासून घ्यायचं होतं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी तुला विष पाठवलं."

"नाही गं आई. तुला काय माहीत."

"आणि चौथीतली कावीळ? ती पण झाडपाल्यानं नाही गेली?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. पण मग तिनं काढा सोडला नसता. म्हटलं, "नाही. आराम केला, तू वेळेवर भाकरी-ताक, मऊ भात भरवलास, त्यावर निभावलं."

ती बराच वेळ अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत बसली. मग म्हणाली, "भाकरी-ताक कोण करत होतं?"

"तूच."

"मग झालं तर," असं म्हणून उठली आणि चुलीकडे गेली.

तिचा रिपोर्ट नॉर्मल आला. काढा तरीही बंद केलाय, वेल मात्र झाडावर आहे. असू दे. गेल्या डिसेंबरच्या चेकअपच्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' असा रकाना होता. आजवर तिथे मी रेघ मारत आलो होतो. ह्या वेळी दोन मिनिटं विचार करून लिहिलं, "काही नाही. काढासुद्धा नाही."