चार चिऱ्यांवरचा गाडा

गोव्यातली जुनी घरं बघायला लोक लांबून येतात, बलकांवाचे फोटो काढतात. मे महिन्यात मी पेडण्याहून डिचोलीला गेलो तो गाडे बघायला. दिवेलागणीला पत्रा उचलला की उघडणारे, रोस आमलेटचे गाडे. खिशात वही आणि टेप.

पहिल्याच गाड्यावर मालकाने विचारलं, "किदें मेजता रे? पालिकेचो न्हय मरे?" नाही म्हटल्यावर त्यानेच टेपचं दुसरं टोक धरलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद. अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा. सगळं वेल्डिंगच्या दुकानात तयार होऊन टेम्पोतून आलेलं. समोरची बाजू मधोमध दुभंगते. वरचा पत्रा सळीवर उचलला की छप्पर, खालचा साखळ्यांवर सोडला की टेबल. पावसाचं पाणी गिऱ्हाइकाच्या अंगावर पडू नये म्हणून छपराचा उतार मागे. शेगडी उजव्या टोकाला, पाव काचेच्या कपाटात, सिलिंडर पायाशी. हात लांबवला की सगळं मिळतं. पाऊल उचलावंच लागत नाही. याला मी वास्तुकला म्हणतो, आणि ठासून म्हणतो.

अमेरिकेतले डायनरही मुळात गाडेच. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉटने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. पुढे डायनर कारखान्यात घडवून, रस्त्याने नेऊन जागेवर बसवू लागले. त्यातले काही आज तिथल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहेत. आपल्या गाड्याचा साधा नकाशाही मी कुठे पाहिलेला नाही.

कोलवाळचा पूल ओलांडून अस्नोड्यामार्गे डिचोलीत पोचलो तेव्हा काळोख पडला होता. इथले गाडे खनिजाच्या ट्रकांवर पोसले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा रात्रीची गिऱ्हाइकं आटली.

मला शोधायचा होता तो कॉलेजच्या दिवसांतला, हायवेकडेचा गाडा. रुंदीकरणात त्याची जागा डांबराखाली गेली. गाडाही गेला असंच मी धरून चाललो होतो. तो डिचोलीबाहेर आतल्या रस्त्याला सापडला. तोच निळा रंग, उजव्या कोपऱ्यात तोच पोचा. चाकं जमिनीपासून उचललेली, खाली चार चिरे.

"मामा, चिरे इथलेच?"

"ना रे, थंयचेच हाडले."

चिरा बदलला की टेबलाची उंची बदलते, आणि उभ्याने खाणाऱ्याचं कोपर अवघडतं, असं त्यांनी समजावलं. मी मापलं. साडेतीन फूट. वही मिटली आणि कोपर टेकवलं. मामांनी स्टीलच्या पेल्यात दोन अंडी फेटली, तव्यावर ओतली, आमलेटावर शागुतीचा कढत रोस सोडला, वर चिमूटभर कांदा. पावाचा पहिला तुकडा बुडवला तेव्हा रोस ताटलीच्या काठापर्यंत आला होता.