राहात्याचा पेरू, काचेच्या बरणीत

नगरहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी राहुरी मागे टाकते, कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडते, आणि बाभळेश्वरचा चौक गेला की थंडीच्या दिवसांत उघड्या खिडकीतून एक गोडसर वास आत येतो. राहाता जवळ आल्याची ती खूण असते. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात. वरच्या थरात पानासकट तोडलेले पेरू निवडून लावलेले असतात, आणि मीठ-तिखटाची पुडी शेजारीच असते. शिर्डी येथून अवघी पाच-सहा किलोमीटर. दर्शनाला निघालेला प्रवासी जाताना घाईत असतो. परतताना मात्र थांबतो, दोन किलो पेरू घेतो आणि पुढच्या गावी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे संपवतो. मुंबई-सुरतेकडच्या कित्येक कुटुंबांना राहात्याची ओळख एवढीच आहे.

स्वतंत्र तालुका म्हणून राहाता १९९९ साली अस्तित्वात आला. बाजाराचे गाव मात्र जुने. पर्जन्यछायेतल्या या टापूत फळबागा कशा, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दारणेचे धरण आणि नांदूरमधमेश्वरचा बंधारा झाला, गोदावरीचे कालवे निघाले आणि कोपरगाव-राहाता पट्ट्यात बारमाही पाणी आले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला ते लोणी-प्रवरानगर याच तालुक्यात आहे. म्हणजे जॅमला लागणाऱ्या दोन मुख्य वस्तू, फळ आणि साखर, एकाच तालुक्याच्या मातीत पिकतात. असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते, आणि राहात्याने त्याचा पुरेसा उपयोग करून घेतला आहे असे म्हणवत नाही.

येथला नावाजलेला वाण म्हणजे सरदार. त्याचे दुसरे नाव लखनौ-४९. नावात लखनौ असले तरी त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीतील फळसंशोधन केंद्रात, १९२७ साली. हल्ली आकाराने मोठे, कमी बियांचे, फोमच्या जाळीत गुंडाळलेले नवे वाण बाजारात दिसतात. कापून खायला ते ठीक; पण जॅमच्या पातेल्यात जो सुगंध घरभर पसरायला हवा, तो जुन्या सरदारचाच.

पेरूचे बहार वेगवेगळे. पावसाळ्यात येणारे फळ दिसायला टवटवीत, पण चवीला पाणचट. शिवाय फळमाशीचा उपद्रव त्यालाच अधिक. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गाभ्यात अळ्या निघतात. जीवदयेचा विचार करणाऱ्या घरात त्यामुळे पावसाळी पेरू सहसा येत नाही. काही घरांत तर तो बहुबीज मानून मुळातच वर्ज्य असतो. ती ज्याची त्याची मर्यादा. मृग बहाराचे फळ थंडीत उतरते. ते गोड, घट्ट आणि वासाचे असते. जॅम करायचा तो याच फळाचा, आणि तोही प्रत्येक फोड उजेडात धरून, पाहून.

या फळाचा एक दोष मात्र कोणत्याही वाणाने जात नाही. त्याला थांबता येत नाही. धान्य कोठारात थांबते, कापड ठाणात थांबते, गूळसुद्धा भाव येईपर्यंत वाट पाहतो. सकाळी लिलावात कडक असलेला पेरू दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो आणि तिसऱ्या दिवशी बोटाखाली दबतो. हंगाम भरात आला, एकाच वेळी सगळ्यांच्या बागा तोडीला आल्या की भाव कोसळतो. अशा वेळी विकणाऱ्याच्या हाती भाव ठरवणे उरतच नाही, कारण माल परत घरी नेण्यात अर्थ नसतो. पेढीवर बसणाऱ्या माणसाला ही अगतिकता चटकन समजते.

त्यावरचा घरगुती उपाय राहात्यातील काही व्यापारी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत थंडीभर चालू असतो. मारवाडातून आलेल्या घरांत वडीलधारी माणसे पेरूला अजूनही जामफळ म्हणतात, कुठे नुसते ‘जाम’. ‘दादी, जामचा जॅम करणार ना?’ असे नातवंडांनी विचारले की घरात हसू फुटते. शब्दांचा हा योगायोग गमतीचा आहे. पेरू आणि त्याचे गोड जतन यांची सोयरीक मात्र जगभर जुनी आहे. फळ मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेले. गोव्यात आजही नाताळला पेरूच्या गराची घट्ट वडी करतात. तिला पेराद म्हणतात. आपला ‘पेरू’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या नासपतीवाचक ‘पेरा’पासून आला, असे मानले जाते.

जॅमसाठी फळ पिकलेले पण घट्ट हवे. पेरूत पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे साखर आणि आंबटपणा मिळाला की पाक आपोआप धरतो. फळ अति पिकले की ही शक्ती कमी होते. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून घासल्या की बिया वर राहतात. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात, सतत ढवळत, थेंब थंड पाण्यात टाकला असता न विरघळता तळाशी बसेपर्यंत आटवायचे. या प्रमाणात साधारण सव्वा किलो जॅम उतरतो.

जेली त्याहून नाजूक. तिला गर नको, नुसता निवळ रस हवा. शिजलेल्या फोडी मलमलच्या फडक्यात बांधून टांगतात आणि रस थेंबाथेंबाने पडू देतात. फडके पिळण्याचा मोह आवरावा लागतो. पिळले की जेली गढूळ झालीच. पाणी गाळून पिण्याची ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तिथे हा संयम शिकवावा लागत नाही. पाककृतींच्या पुस्तकांत रस रात्रभर गळू द्यावा असे असते. वासी न खाणाऱ्या घरात ते चालत नाही. तिथे पहाटे फोडी शिजतात, दुपारपर्यंत रस गळतो आणि सूर्यास्तापूर्वी जेली बरणीत असते. रसाइतकीच किंवा किंचित कमी साखर, वर लिंबू, आणि मोठी आच. पळीवरून पडणारे थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे ओघळू लागले की आच बंद करायची. फिकट रसाला तोवर मधासारखा लालसर रंग आलेला असतो.

‘जेली’ या शब्दाला मात्र जैन घरात लोक बिचकतात, आणि ते योग्यच आहे. बाजारात पुडीत मिळणाऱ्या थरथरत्या जेलीत बहुधा जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. पेरूची जेली धरते ती निव्वळ फळातल्या पेक्टिनवर. दोन वस्तूंचे नाव एक असले तरी जात एक नाही. भेट म्हणून बरणी द्यायची असेल तर घटकपदार्थ चिठ्ठीवर स्पष्ट लिहावेत. घेणाऱ्याला विचारण्याचा संकोच उरत नाही.

बरणी काचेचीच हवी. ती स्वच्छ धुऊन, पाण्यात दहा मिनिटे उकळून, पूर्ण कोरडी करून गरम असतानाच भरतात. थंड बरणीत उकळता पाक ओतला तर ती तडकते, आणि ओलसर राहिली तर वर बुरशी धरते. बुरशी आली की वरचा थर काढून खाली खाण्याचा प्रश्नच येत नाही. सगळी मेहनत वाया जाते, शिवाय जीवोत्पत्तीचा सल मनाला लागतो तो वेगळाच. म्हणून काठोकाठ भरणे आणि झाकण घट्ट बसणे हे सजावटीच्या आधीचे काम.

सजावटीत हल्ली सूनबाईंचा शब्द चालतो. झाकणावर छापील कापडाचा गोल तुकडा, भोवती सुतळी, वर एखादे वाळलेले फूल. ‘मम्मी, रिबन पुढे बांधू का?’ या प्रश्नावर सासूबाईंचे उत्तर ठरलेले: ‘काच झाकू नको, रंग दिसू दे.’ खरे म्हणजे एवढा एकच नियम पुरे आहे. खिडकीत ठेवलेली पेरूची जेली उजेड आरपार जाऊ देते. तिच्यापुढे रिबन फिकी पडते. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, घटक, बनवल्याची तारीख आणि ‘राहाता’ हा शब्द. गावाचे नाव लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि मोल तर त्याचेच आहे.

या बरण्या विकाव्यात का, हा विषय अनेक घरांत निघतो. पाचगणीत १९५९ साली किशोर व्होरा यांनी थोड्या फळांपासून जॅम करायला घेतला, त्यातूनच मॅप्रो उभी राहिली. हे उदाहरण हमखास दिले जाते. विक्री करायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी, आणि जॅममध्ये फळाचे प्रमाण सर्वसाधारणपणे किमान ४५ टक्के असावे हा नियम पाळावा लागतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून केंद्राची योजना आहे. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. कागदावर हे सोपे दिसते. पण घरगुती हिशेबात पेरू, साखर, गॅस आणि बरणी धरली जाते. पातेल्यापाशी उभी राहिलेली गृहिणीची दुपार कोणीच धरत नाही. ती धरली की बरणीचा भाव बदलतो, आणि तो मागण्याचे धैर्य दाखवावे लागते. वहीत पै-पैचा जमाखर्च ठेवणाऱ्या घरांनी हा रकाना रिकामा सोडावा, हे विचित्रच.

तूर्त बहुतेक बरण्या विकल्या जात नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. मिठाईच्या डब्यासोबत एक बरणी व्याह्यांकडे जाते, एक पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या पिशवीत, एक शेजारी. संपल्यावर ती धुऊन परत येते. शेजारची बाई रिकामी बरणी हाती देत नाही. कधी तिच्यात मेथीचे खाकरे उभे लावलेले असतात, कधी नुसती मूठभर खडीसाखर.