पाय मोजा!

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचं मिन्स्टर, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, भव्य आहे, जुना तटही सुरेख. पण मला कधी एकदा स्किपविथ कॉमनला पोचते असं झालं होतं. दगडी वैभवापेक्षा माळरानं मला जास्त ओढतात.

सेल्बीजवळच्या या माळावर दुसऱ्या महायुद्धात विमानतळ होता. आता फुटक्या काँक्रीटच्या कडेला हीदरची झुडपं आणि ब्रॅकन माजलेत. ब्रॅकन हा नेचाच, पण छातीपर्यंत वाढणारा आणि विषारी. कोवळ्या कोंबांतून सायनाइड सुटतं. गुरांनी फार खाल्ला तर ती दगावतात. त्याच्यावरच पोसणाऱ्या एका सॉफ्लाय कीटकाची, स्ट्राँगिलोगॅस्टर मल्टिफॅसिएटाची, अळी मला पाहायची होती.

वाटेत गळ्यात भिंग अडकवलेल्या एक आजी भेटल्या. मी काय शोधतेय हे ऐकताच त्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि एकेक पान उलटू लागल्या. मीही शेजारी बसले. चिलटं डोळ्यांत जात होती, पाठ भरून आली होती, पण उठावंसं वाटेना. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट दाखवलं. पानाच्याच रंगाची हिरवी अळी कडेने कुरतडत चालली होती.

“पाय मोजा,” आजी म्हणाल्या.

फुलपाखराच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या फार तर पाच जोड्या असतात. इथे मोजणी पाचाच्या पुढे गेली, म्हणजे ही सॉफ्लायचीच अळी, आणि मला अक्षरशः टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मोठेपणी ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण बिनकमरेची आणि न डसणारी. मादीला नांगीऐवजी करवत असते, ती पानात चीर पाडून अंडी घालायला.

यॉर्क विद्यापीठाच्या जॉन लॉटन यांनी 1970च्या दशकात इथेच ब्रॅकनवरचे कीटक अभ्यासायला घेतले. पुढे त्यांनी न्यू गिनी आणि न्यू मेक्सिकोतल्या ब्रॅकनशी तुलना केली. वनस्पती तीच, पण न्यू मेक्सिकोच्या पंगतीत कितीतरी पाट रिकामे! खाद्य आहे म्हणून खाणारा असतोच असं नाही, हे त्यातून दिसलं. मला हा शोध मिन्स्टरच्या कमानींइतकाच थोर वाटतो.

महाबळेश्वरच्या पठारावरही ब्रॅकन वाढतो. तिथे गेलात तर स्ट्रॉबेरीआधी चार पानं उलटून पाहा. अळी दिसली तर पाय मोजा, फोटो काढा आणि एखाद्या कीटक अभ्यासकाला जरूर पाठवा.