ढोल्या गणपतीची पाठ

वाईला येणारा माणूस ढोल्या गणपतीला समोरून पाहतो. एकाच शिळेतून घडवलेली ती अवाढव्य शेंदरी मूर्ती पाहून हात आपोआप जोडले जातात. मला मात्र लहानपणापासून ओढ आहे ती देवळाच्या मागच्या भिंतीची. कृष्णा जिकडून येते, त्या बाजूला ही भिंत सरळ उभी नाही. ती माशासारखी निमुळती होत पाण्याकडे गेली आहे.

गणपती आळी माझं आजोळ. आजी सांगायची, "अरे, तो मासाच आहे. पूर आला की देऊळ पोहतं." पावसाळ्यात गढूळ पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत वर यायचं, तेव्हा आम्ही मुलं माडीवरून देऊळ पोहायला लागण्याची वाट पाहायचो. देऊळ जागचं हलायचं नाही. पाणी भिंतीच्या टोकाशी फुटायचं, दोन अंगांनी निघून जायचं. वाहत आलेल्या फांद्या भिंतीला घासून बाजूला व्हायच्या. आजीची गोष्ट खोटी आहे, असं तेव्हाही वाटलं नाही.

भिंतीचा हिशेब पुढे मामानं समजावला. सपाट भिंतीवर पूर सगळा भार टाकतो. निमुळत्या टोकावर मात्र त्याचे दोन भाग होतात आणि जोर बाजूंनी ओसरतो. पुलाच्या खांबांनाही याचसाठी पाण्याकडे धार काढतात. देऊळ 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच घरातल्या, त्यामुळे घराण्याकडे पैसा होता, मान होता. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. एवढी ऐपत असणाऱ्यानं नदीला अडवायला तट घातला असता, तरी कुणी नाही म्हटलं नसतं. त्यानं नदीला वाट दिली. हे कळल्यावर मला त्या भिंतीकडे नुसतं पाहून भागेना. पावसाळ्याआधी एकदा तरी मागच्या बाजूला जाऊन दगडांचे सांधे हातानं चाचपून यायची सवय लागली.

मामा गंगापुरीत विश्वकोशाच्या कचेरीत होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठीचा हा महाप्रकल्प पुण्या-मुंबईत नव्हे, या घाटांच्या गावात उभा राहिला. पहिला खंड 1976 साली निघाला. एकेक नोंद कितीदा तपासली जाते, एका शंकेसाठी किती ग्रंथ उघडावे लागतात, हे मामाच्या तोंडून ऐकत संध्याकाळी आम्ही घाटावर फिरायचो. खंड हातात घेणाऱ्याला ती मेहनत दिसत नाही. दिसू नये, अशीच ती असते. मागची भिंत घडवणाऱ्या पाथरवटांचा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो या फेऱ्यांमध्ये. आपल्या कामापुढे कुणी हात जोडणार नाही, तिथे फूल वाहिलं जाणार नाही, हे त्यांना ठाऊक असणार. तरी सांध्यात सांधा नेमका बसवला आहे. नोकरीत आणि संसारात ज्या कामांना कुणी नाव देत नाही, ती करताना मला त्या सांध्यांनी फार बळ दिलं.

वाईच्या माणसाला नदीची भीती नाही, असं नव्हे. भीती आहे, आणि तिच्याबरोबर मायाही आहे. माघापासून एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसतो. अफझलखानाच्या संकटात शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णाबाईला नवस बोलला गेला, तिथून हा उत्सव सुरू झाला, असं गावात परंपरेनं सांगतात. आळ्यांनी आपापले दिवस वाटून घेतले आहेत. मांडवात कृष्णाबाई बसते, बायका ओटी भरतात, कीर्तनं होतात, पंगती उठतात. ही नदी उन्हाळ्यापूर्वी माहेरवाशिणीसारखी घरात येते आणि पावसाळ्यात दारापर्यंत चढते. दोन्ही वेळा तिला जागा ठेवायची, हे या गावाला कळलेलं आहे.

आता पाहुण्यांना गाव दाखवण्याचं काम माझ्याकडे असतं. मी त्यांना मेणवलीला नेतो. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा ऐसपैस घाट आणि 1707 साल कोरलेली पोर्तुगीज घंटा पाहून ते हरखतात. वसईच्या विजयानंतर आलेली ती घंटा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी. धोमला महादेवाच्या देवळापुढे कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहतात. सिनेमात पाहिलेले घाट ओळखू येतात, फोटो निघतात. शेवटी मी त्यांना गणपतीच्या मागे घेऊन जातो आणि भिंतीच्या टोकापाशी उभं करतो.

वर धोमचं धरण झालं, तरी जोराच्या पावसात विसर्ग वाढला की कृष्णा आजही देवळात शिरते. दुसरीकडे गावोगावी नदीकाठ सिमेंटनं बांधून काढला जातोय, पात्रात भराव पडतायत आणि पूर आला की दोष पावसाला दिला जातो. नदीकाठी काहीही उभारण्याआधी आराखडा करणाऱ्यांनी एकदा वाईला यावं. गणपतीचं दर्शन घ्यावं आणि मग मागे जाऊन ती भिंत नीट मोजावी. अडीचशेहून अधिक पावसाळे तिनं काढले आहेत. श्रद्धा आणि गणित यांच्यात निवड करावी लागत नाही, एकाच बांधकामात दोन्ही मावतात, हे मला तिनंच शिकवलं.