राजीखुशीने

सप्टेंबर महिना लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात पुणे कराराची आठवण निघते. 24 तारखेच्या सभेला बाहेरून कुणीतरी वक्ता येतो. गेल्या वर्षी वक्ते ऐनवेळी आले नाहीत, म्हणून कार्यकर्त्यांनी आम्हालाच उभे केले. आम्ही पडलो कारकून. कागद वाचणे एवढेच आम्हाला येते. म्हणून आम्ही कराराचा मूळ इंग्रजी मसुदाच काढून वाचला.

एक गोष्ट ध्यानात आली. ज्या कागदाला सारे जग ‘पूना पॅक्ट’ म्हणते, त्याच्या सुरुवातीलाच शब्द आहे ‘ॲग्रीमेंट’. राखीव जागांची पद्धत किती काळ चालायची, तर उभयतांचे परस्पर ॲग्रीमेंट होऊन दुसरे काही ठरेपर्यंत, असेही पुढे लिहिले आहे. हा शब्द आपल्या घराघरांत आहे. खोली भाड्याने घेतली की ॲग्रीमेंट, मालक-युनियनचे ॲग्रीमेंट, कर्जाचे ॲग्रीमेंट. अंगठा उठवणाऱ्या आमच्या आजीलाही तो ठाऊक होता. पण त्याचा अर्थ काय?

या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ मनाला पटणे, आवडणे असा आहे. ‘पॅक्ट’ हा शब्द लॅटिनमधल्या शांततेच्या शब्दाचा भाऊबंद. आपला ‘करार’ अरबीतून आला, त्याचा अर्थ स्थिरता, स्वस्थता. सिनेमाच्या गाण्यात ‘बेकरार’ म्हणतात ना, तोच हा करार. म्हणजे तिन्ही शब्द सांगतात की करार झाला की मन पटले पाहिजे, शांतता आली पाहिजे, जीव स्वस्थ झाला पाहिजे.

बी.कॉम.ला आम्हाला 1872 चा करार कायदा होता. कायद्याने अंमलात आणता येते ते ॲग्रीमेंट म्हणजे काँट्रॅक्ट, ही व्याख्या सर्वांनी पाठ केली होती. पण खरी मेख संमतीत आहे. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने हो म्हटले तर ती संमती. आणि ती संमती मोकळी हवी. जबरदस्ती, दडपण, फसवणूक, खोटी माहिती किंवा चूक यांतून आलेला होकार मोकळा नव्हे.

जबरदस्तीच्या धड्यात एक खटला होता, पहिल्या महायुद्धाच्या काळातला, मद्रास हायकोर्टाचा. एका माणसाने बायकोला आणि मुलाला धमकी दिली की माझ्या भावाच्या नावे मिळकतीवरचा हक्क सोडा, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी हक्कसोडपत्र लिहून दिले. कोर्टाने बहुमताने ठरवले की स्वतःचा जीव देण्याची धमकी हीसुद्धा जबरदस्तीच.

हे आठवले आणि आमच्यापुढे 1932 साल उभे राहिले. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि सर्वसाधारण मतदारसंघातले मतही राहिले. त्याविरुद्ध 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. साऱ्या देशाचे डोळे बाबासाहेबांकडे लागले. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर गावोगावच्या आपल्या माणसांवर काय गुदरले असते, हे सांगायला नको. 24 सप्टेंबरला सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. पण बाबासाहेब रिकाम्या हाताने उठले नाहीत. प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा, सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्व आणि शिक्षणासाठी पैशाची तरतूद त्यांनी कागदावर घेतली. तरी त्या उपोषणाबद्दल आणि कराराबद्दल त्यांनी 1945 च्या ग्रंथात किती कडक शब्दांत लिहिले, हे वाचकांना माहीत आहेच. सही झाली, करार झाला, पण ‘करार’ आला नाही.

हेच आम्ही सभेत सांगितले. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर चपला घालता घालता आमची ताई हळूच म्हणाली, “भाऊ, मग आपल्या आईनं तरी दुसरं काय केलं होतं रे?”

आमच्या पायाखालची जमीन सरकली.

2008 साली आमचे दादा, म्हणजे वडील वारले. प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेल्या दोन खोल्या मागे राहिल्या. 1956 चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार आई, ताई आणि आम्ही यांचा सारखा वाटा. पण नातेवाईक म्हणाले, मुलीला लग्नात दिलंय, आता हक्कसोड करून घ्या. भाऊजींची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. ताई म्हणाली, मला जरा विचार करू दे. तेवढ्यावर आई रुसली. “तू सही करत नाहीस तोवर मी अन्नाला शिवणार नाही,” म्हणाली. दोन दिवस ती खरेच जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ताईने सही केली आणि घरी येऊन आधी आईला भाकरी करून वाढली.

त्या कागदावर छापील ओळ होती: ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने व अक्कलहुशारीने’. बी.कॉम. झालेले आम्ही शेजारी उभे होतो. दडपण आमच्या घरात बसले होते, ते आम्हाला दिसत होते. वाटा आमच्या पदरात पडणार होता, म्हणून आम्ही गप्प राहिलो. मुलीला वारसा मिळावा यासाठी ज्यांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडल्यावर 1951 साली मंत्रिपद सोडले, त्यांचा फोटो त्याच खोलीत भिंतीवर होता.

आई आता नाही. तिला दोष देणार नाही. म्हातारपणी मुलाचे घर मोडेल, ही तिची भीती. दोष आमचा.

दिवाळीत आम्ही ताईकडे गेलो. तिचा वाटा तिच्या नावे करून द्यायचा कागद वकिलाकडून करून नेला होता. वाटले, ती लगेच सही करील. ताई म्हणाली, “ठेव इथं. या वेळी मी वाचीन, पोरीकडून समजून घेईन, मग सांगेन.” महिन्याने तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या. त्या करूनच सह्या झाल्या.

बंधू-भगिनींनो, घरात कुणापुढे कागद ठेवाल तेव्हा आधी वाचून दाखवा. आणि ‘नाही’ म्हटले तरी तिच्या ताटातली भाकरी आणि माहेरचा दरवाजा तसाच राहील, हे आधी सांगा. त्यानंतर आलेला होकारच खरा.

जयभीम.