कोरा चहा

मे २०२१ मधला एक फोटो बरेच दिवस माझ्या मोबाइलमध्ये होता. शाळेच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या बारा लाल खुर्च्या, टेबलावर लसीची निळी पेटी, मागं भिंतीवर शिबिराचं बॅनर. खुर्च्या रिकाम्या. हा फोटो मी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘देव जरी सुई घेऊन आला, तरी आमचं गाव जंगलातच पळणार.’ दहा मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, साठेक घरांच्या एका गोंड गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गावाचं नाव देत नाही. जे सांगणार आहे त्यात चूक गावाची नाही, माझी आहे. मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातला. राहतो गडचिरोलीत, शाळेला मोटारसायकलनं जातो. गावात चौदा वर्षं काढली, तरी गावानं मला ‘गुर्जी’च ठेवलं आणि मीही त्यापलीकडं जायची खटपट केली नाही.

त्या दिवशी शिबिराला तिघं आले. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची. तिघांसाठी ती फोडायची का, हे विचारायला नर्सताई मोबाइल उंच धरून पाण्याच्या टाकीखाली फिरत होती, कारण गावात नेटवर्क तेवढ्याच जागी मिळतं. शेवटी आशाताईनं आणखी दोघांना हाताला धरून आणलं, कुपी फुटली आणि पाच डोस वाया गेले. ते पाच डोस माझ्या डोक्यात बसले. चंद्रपुरात लोक पहाटेपासून रांगा लावत होते आणि इथं लस मातीत जात होती. मी एका शब्दात निकाल लावला: अडाणी.

माझा स्वतःचा पहिला डोस ८ एप्रिलला झाला होता. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि मी आठवड्याभरातच बाही वर केली. त्याच महिन्याच्या शेवटी माझा मावसभाऊ गेला. ऑक्सिजनचा बेड शोधत त्याच्या मुलानं रात्रभर गाडी फिरवली. पहाटे गाडी थांबवली तेव्हा शोधायचं कारण उरलं नव्हतं. मी अंत्यविधीला गेलो नाही. जाता येत नव्हतं हे खरं. जाता आलं असतं तरी गेलो नसतो, हेही खरं.

१३ मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं, म्हणून माझा दुसरा डोस जुलैपर्यंत लांबला. ८ जुलैला तोही झाला. त्यानंतर चौदा दिवस मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. पंधराव्या दिवशी काहीतरी सुटल्यासारखं वाटेल अशी अपेक्षा होती. पंधराव्या दिवशी मी नेहमीसारखं वर्तमानपत्र उन्हात टाकलं, भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि दूधवाल्याला फाटकाबाहेरूनच पैसे दिले. बायको म्हणाली, “आता तरी पुरे करा.” मी म्हणालो, “पावसाळा जाऊ दे.” पावसाळ्यानंतरचं कारणही माझ्याकडं तयार होतं.

१५ ऑगस्टपासून मुंबईत दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलनं जायची मुभा मिळाली. ती बातमी मी दोनदा वाचली. मीही त्याच हिशेबात बसत होतो. माझी लस तीच, दिवस पुरे झालेले. मुंबईकर डब्यात खांद्याला खांदा लावून कामावर जाणार होता आणि मला मोकळ्या अंगणात कुणाच्या शेजारी बसवत नव्हतं. पण तेव्हा मला यात विसंगती दिसली नाही. ‘त्यांना पोटासाठी जावं लागतं’ असं म्हणून मी पान उलटलं.

ऑगस्टच्या शेवटी, रोवणे आटोपून पोळ्याची चाहूल लागली होती तेव्हा, गावात पुन्हा शिबिर ठरलं. आदल्या दिवशी आशाताई आणि मी घरोघर फिरत होतो. ती ओसरीवर बसायची, पोरांच्या नाकाला पदर लावायची, गोंडीत बोलायची. मी अंगणाच्या कडेला, मोटारसायकलला टेकून उभा. नाकावर दोन मास्क, हातात माझी पाण्याची बाटली. तिथून मी मोठ्यानं भाषण करायचो: सुई घेतली की धोका टळतो, दवाखान्यात जायची वेळ येत नाही, भिऊ नका.

गावाच्या शेवटच्या घरात एक म्हातारी आहे. तिचे दोन नातू माझ्याकडं शिकून गेले. तिनं माझं भाषण पूर्ण ऐकलं. मग आत जाऊन चुलीवरच्या गंजातून स्टीलच्या गिलासात चहा ओतून आणला. दुधाशिवायचा, लाल, कोरा चहा. धूर आणि आल्याचा वास मास्कमधूनही आला. तिनं गिलास पदरानं धरला आणि माझ्यासमोर केला.

“नको आजी, आत्ताच घेतला,” मी म्हणालो. मी सकाळी सातनंतर काही घेतलं नव्हतं. अकरा वाजून गेले होते.

“तुमी सुई घेतली का जी?”

“घेतली. दोनीही.”

“कवा?”

“दुसरीला दीड महिना झाला.”

ती गिलास तसाच धरून उभी राहिली. चिडली नाही, हसलीही नाही. एखादा हिशेब जुळत नसला की माणूस जसा थांबतो, तशी थांबली.

“दोन सुया घेऊनई तुमी माह्या हातचा चहा पेत नाई. असाच दूर उभा ऱ्हावा लागते, त मंग मी कायले घेऊ सुई?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डेल्टा, अँटिबॉडी, मास्क, सामाजिक अंतर हे सगळे शब्द जिभेवर होते. पण तिनं विचारलं होतं ते लसीबद्दल नव्हतंच. तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं. मी आशाताईकडं पाहिलं. ती जमिनीकडं पाहत होती. म्हातारीनं चहा परत गंजात ओतला. टाकला नाही, परत ओतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

परतीच्या वाटेवर साग, मोह, ऐन, बांबू मागं जात होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होतो. मास्क लावणं चूक नव्हतं. लस घेतल्यावरही संसर्ग होऊ शकतो, हे डॉक्टरच सांगत होते. मग मी काय वाईट केलं? कायद्याच्या भाषेत काहीच नाही. पण रात्री जेवताना एक गोष्ट घशात अडकली. कोरोनाच्या आधीच्या बारा-तेरा वर्षांत मी त्या अंगणात किती वेळा चहा प्यायलो होतो? आठवून पाहिलं. एकदाही नाही. तेव्हा कारणं वेगळी होती: उशीर झाला, पोट ठीक नाही, घरून घेऊन निघालो. पाण्याची बाटली तर मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सोबत नेत होतो.

अंतर मी आधीच ठेवून होतो. कोरोनानं त्याला फक्त प्रतिष्ठित नाव दिलं.

हे वाक्य कागदावर लिहिताना सोपं वाटतं. त्या रात्री ते कबूल करायला मला बराच वेळ लागला. मी जातपात मानत नाही, असं मी सभांत सांगत आलो. शाळेत आदिवासी दिनाला हार घालत आलो. आणि ज्यांची पोरं मी शिकवली, त्यांच्या चुलीवरचं पाणी माझ्या पोटाला ‘सोसत’ नव्हतं. म्हातारीला डेल्टा ठाऊक नसेल. पण कोण आपल्याला का टाळतं, हे ओळखायला तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेमध्ये खुर्च्या रिकाम्या का राहिल्या, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. कसाबसा पंधरा दिवस चालतो. पहाटे जंगलात जायचं, दुपारी पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. पावसाळ्यातला किराणा, बियाणं, वह्या-पुस्तकं या पंधरा दिवसांवर असतात. सुई घेतली की एक-दोन दिवस ताप येतो, हे खरंच होतं. मलाही आला होता. फरक एवढाच, की माझा पगार तापातही सुरू होता. गाव जंगलात पळालं नव्हतं. गाव कामावर गेलं होतं.

अफवा नव्हत्या असं नाही. सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, पोरं होत नाहीत, असं सगळं गावात पोचलं होतं. पण ते कुठून आलं? शहरातल्या शिकलेल्यांच्याच मोबाइलमधून. दोन वर्षांत मरणार असं सांगणारा, परदेशी शास्त्रज्ञाच्या नावावर खपवलेला संदेश मलाही आला होता. मी पुढं पाठवला नाही. पण त्या रात्री उठून बसलो होतो, हे कुणाला सांगितलं नाही. माझी भीती ‘खबरदारी’ आणि त्यांची भीती ‘अंधश्रद्धा’, हे वाटप मीच केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिबिराच्या आधी तासभर मी त्या अंगणात गेलो. मोटारसायकल रस्त्यावरच ठेवली. बाटली डिकीत. म्हातारी सुपात काहीतरी पाखडत होती.

“आजी, चहा आहे का जी?”

तिनं मान वर केली. “भेव गेला का?”

खोटं बोलायला जागा होती. “नाही गेला,” मी म्हणालो. “तरी द्या.”

ती काही बोलली नाही. आत गेली. ओसरीच्या कडेला मी टेकलो, पहिल्यांदाच. गिलास इतका गरम होता की या हातातून त्या हातात करावा लागला. मास्क हनुवटीवर ओढला तेव्हा चेहरा उघडा पडल्यासारखं वाटलं. छातीत धडधडत होतं, हे लपवत नाही. चहा अती गोड होता. ती समोर बसून माझ्याकडं बघत राहिली, पोरगं औषध पितं की नाही हे बघावं तशी. गिलास रिकामा झाल्यावर म्हणाली, “मेलात नाई.”

मी हसलो. दीड वर्षात असं मोकळं हसलो नव्हतो.

आता इथं लिहायला हवं की त्या दिवशी म्हातारीनं सुई घेतली. तसं झालं नाही. त्या शिबिराला सतरा जण आले; दुसरी कुपी फोडताना नर्सताईनं फोन केला नाही. पण त्यातही माझ्या चहाचा वाटा किती, मला माहीत नाही. आदल्या रात्री गोटुलात, गावाच्या सामाईक घरात, बैठक झाली होती आणि तिथं आशाताई दोन तास बोलली होती. गावानं तिचं ऐकलं. म्हातारी मात्र आली नाही. तिनं सुई घेतली ती नोव्हेंबरमध्ये, ‘हर घर दस्तक’ मोहिमेत नर्सताई बांधावर पोचली तेव्हा. धान कापून पडलं होतं. तिनं विळा बाजूला ठेवला, दंड पुढं केला, धुऱ्यावर अर्धा तास बसली आणि पुन्हा कामाला लागली. तिला सुई नको नव्हती. सुईनं तिच्याकडं यावं आणि तिच्या सोयीनं यावं, एवढंच हवं होतं.

माझं रोजचं आयुष्य तुकड्यातुकड्यानं परत आलं. आधी आठवडी बाजार. मग सलूनची खुर्ची. मग १ डिसेंबरला पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले. दुसरीतली पोरं अशी होती, ज्यांनी शाळेतला फळा आतून पाहिलाच नव्हता. एक पोरगी पाटी दाखवायला आली आणि सवयीनं माझ्या मांडीला रेलली. मी मागं सरकलो नाही. सरकायचं नाही, हे मला तेव्हाही स्वतःला सांगावं लागलं.

मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत ब्रह्मपुरीकडं झाडीपट्टीचं नाटक बघितलं. भीती सुटली तेव्हा एसटीचा संप लागला होता, म्हणून गेलो मोटारसायकलवरच. तणसावर घोंगडी टाकून, अनोळखी माणसांच्या गुडघ्यांना गुडघे लावून पहाटेपर्यंत बसलो. मधेच मावसभाऊ आठवला. दर वर्षी तिकिटं तोच काढायचा.

जानेवारी २०२२ मध्ये मला कोरोना झालाच. तीन दिवस ताप, आठवडाभर खोकला, दवाखान्याची पायरी नाही. तेव्हा मी घरात बंद राहिलो, गावाला फोन करून सांगितलं, येऊ नका. कुणालाही राग आला नाही. आजारी माणसानं दूर राहणं आणि धडधाकट माणसानं दूर उभं राहणं, यातला फरक त्यांना कळत होता. मलाच बावन्नाव्या वर्षी शिकावा लागला.

तो लाल खुर्च्यांचा फोटो मी ग्रुपवरून काढायला गेलो, तेव्हा उशीर झाला होता. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो राहिला. माझ्या मोबाइलमधला खोडला. पण खालचं वाक्य दुरुस्त करायची हिंमत मला त्या ग्रुपवर कधीच झाली नाही. दोन-तीनदा टाइप केलं आणि पुसलं. ते वाक्य इथं लिहितो: ‘खुर्च्या रिकाम्या आहेत, कारण आज तेंदूचा हंगाम आहे आणि शिबिराची तारीख ठरवताना आम्ही कुणालाही विचारलं नाही.’